एका फाइलीची दोन नावं

समजा, तुमच्या हातात नुसता एक आकडा ठेवला आणि सांगितलं, याचं नाव शोधून आणा.

एक प्रचंड इमारत डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक खोलीच्या दारावर पाटी आहे. आत कोण कोण आहे त्यांची नावं आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा. खोल्यांच्या आत आणखी खोल्या, त्यांच्या दारांवर आणखी पाट्या. आतल्या माणसांजवळ मात्र फक्त आकडा. त्यांना स्वतःचं नाव ठाऊक नसतं, ते पाटीला ठाऊक असतं. आता त्यातला एक जण आजारी पडला आणि तुम्हाला कळलं ते एवढंच, की अमुक आकड्याचा माणूस आजारी आहे. काय कराल? तळमजल्यापासून एकेक दार, एकेक पाटी वाचत जाल. आणि एका पाटीवर तो आकडा सापडला म्हणून तिथेच थांबलात तर फसाल. तोच माणूस दुसऱ्या कुठल्या तरी दारावर, दुसऱ्याच नावाने लावलेला असू शकतो.

संगणकाच्या डिस्कवर फाइलींचं अगदी असंच असतं. फाइलीची खरी ओळख म्हणजे तिचा आकडा. तंत्रातली माणसं त्याला आयनोड म्हणतात. नाव असतं ते फोल्डरपाशी, आणि एकाच फाइलीची नावं दोन फोल्डरांत असली तरी डिस्कची काही तक्रार नसते.

बिश्केकमधल्या बेरमेतचं पोट या कामावर चालायचं. इंटरनेट पुरवणाऱ्या एका कंपनीतल्या मशीनांची राखण तिच्याकडे होती. मशीन बिघडलं की नावानिशी तक्रार करत नाही, एक आकडा फेकतं आणि गप्प बसतं. मग बेरमेत डिस्क पिंजून काढायची आणि फाइलीचा सगळा पत्ता, घरापासून दारापर्यंत, शोधून द्यायची. तिच्या शेजारी बसणारी बाई एकदा म्हणाली होती, "बेरमेत, माझा नवरा कुठे असतो तेवढं शोधून दे गं. आकडा देते."

"आधी सांग कुठल्या डिस्कवर आहे," बेरमेत मान वर न करता म्हणाली. "तोच आकडा दुसऱ्या डिस्कवर दुसऱ्याच कुणाचा असतो. भलताच नवरा हाती लागेल."

"तरी चालेल," बाई म्हणाली.

असं हसतखेळत चालायचं. ऑफिसात बेरमेत कुणाचा हेवा करत नसे. तिचा सगळा हेवा घरासाठी राखून ठेवलेला होता, आणि तोही एकाच माणसासाठी. सासूसाठी.

सासू कोचकोरच्या बाजूला एका गावात राहायची. तिला सगळे आपा म्हणत, म्हणजे आई. मुलं म्हणत, सुना म्हणत, शेजारी म्हणत. तिचं खरं नाव आल्माकान, पण सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडातून काढायचं नसतं. आल्मा म्हणजे सफरचंद. त्यामुळे त्या घरातल्या सुना सफरचंदालासुद्धा सफरचंद म्हणत नसत, 'ते लाल फळ' म्हणत. बाजारात बेरमेत भाजीवाल्यासमोर बोट दाखवून 'ही लाल फळं द्या' म्हणायची, तेव्हा तो कळल्यासारखा हसायचा. तिला स्वतःलाही हसू यायचं. पॉलिटेक्निकात शिकलेली मुलगी, पण लग्नाला आठ वर्षं झाली तरी ते नाव तिने एकदाही उच्चारलं नव्हतं.

लिहिलं मात्र होतं. रोज.

त्याचं असं झालं. त्यांच्या फ्लॅटमध्ये चपलांच्या कपाटावर बेरमेतने ऑफिसातून मोडीत निघालेलं एक मशीन बसवलं होतं. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो आणि व्हिडिओ आपोआप तिथे यायचे आणि फोनमधून पुसले जायचे. प्रत्येक फोनला एक फोल्डर. सासूच्या फोल्डरला काय नाव द्यावं म्हणून बेरमेत अडली, तर तिचा नवरा कुबात पुढे झाला आणि सरळ 'आल्माकान' टाइप करून मोकळा झाला.

"अरे, मला रोज ते उघडावं लागेल," बेरमेत म्हणाली.

"मग उघड की. मशीनला कुठे सासू असते?"

तेव्हापासून बोटं ते नाव रोज घ्यायची. तोंड घ्यायचं नाही.

आणि रोज उघडायचं कारण म्हणजे ऐपेरी.

ऐपेरी बेरमेतची मुलगी, सहा वर्षांची. पहिलं मूल आजी-आजोबांच्या चुलीपाशी वाढायचं, ही त्या घराची रीत होती. कुबातचे वडील नव्हते, सगळी मुलं शहराकडे गेली होती, आपा एकटी होती. ऐपेरी चालायला लागली तशी आपा आली, तिला लोकरीच्या शालीत गुंडाळलं आणि घेऊन गेली. बेरमेतच्या आईनेसुद्धा फोनवर सांगितलं, "रडू नकोस, मान आहे तो तुझा. माझं पहिलं नाही का दिलं मी?" बेरमेत रडली नाही. सून म्हणून जेवढं गप्प बसायचं असतं तेवढी गप्प बसली. तिला वाटलं होतं, एक-दोन वर्षांचा प्रश्न आहे.

ऐपेरी बोलायला लागली ती आपाला आई म्हणून. बेरमेतला ती 'एजे' म्हणायची, म्हणजे ताई. कुबातला 'बाइके', दादा. सुट्टीत भेटली की पाहुण्यांशी वागावं तशी शहाण्यासारखी वागायची. गावातल्या बायका चहा पिताना गंमत म्हणून विचारायच्या, "कोणाची गं तू?" आणि ऐपेरी मान उडवून म्हणायची, "आपाची!" सगळ्या हसायच्या. बेरमेतही हसायची, गाल दुखेपर्यंत.

रोज संध्याकाळी कामावरून आली की ती कोटही न काढता मशीनपाशी बसायची आणि सासूचं फोल्डर उघडायची. ऐपेरीचा पडलेला दात. ऐपेरी आणि वासरू. ऐपेरी पीठ मळताना, नाकाला पीठ. जवळजवळ प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात सासूचा अंगठा यायचा, गुलाबी आणि अस्पष्ट. फोन धरायचं आपाला कधी जमलंच नाही. बेरमेतला त्या अंगठ्याचासुद्धा हेवा वाटायचा. तो तिथे होता ना. व्हिडिओत आपाचा आवाज यायचा, "बघू माझं कोकरू, बघू माझं पिल्लू," म्हणून बेरमेत आवाज बंद करून बघायची. मुलीचे नुसते हलणारे ओठ बघायची आणि काय म्हणत असेल ते स्वतःच ठरवायची. एका हिवाळ्यात तिने शहरातून लाल कोट पाठवला होता. त्या हिवाळ्यातल्या सगळ्या फोटोंत ऐपेरी आपाने विणलेल्या करड्या स्वेटरमध्ये होती. बेरमेतने एकेक फोटो तपासला. लाल कुठेच नव्हतं.

यंदा मात्र तिने ठरवलं होतं. ऐपेरीला पहिलीत घालायचं ते बिश्केकमध्ये, घराशेजारच्या शाळेत. वसंतात प्रवेश सुरू झाले तेव्हाच तिने नाव नोंदवलं, गणवेश घेतला, केसांना बांधायची पांढऱ्या फितीची फुलं घेतली. आपाला सांगायचं काम कुबातचं होतं. तो आपाचा धाकटा, लाडका.

"सांगितलंस?" मेमध्ये ती विचारायची.

"सांगतो गं. फोनवर सांगायची गोष्ट आहे का ती?"

जुलैत तो गवत कापायला गावी गेला, तेव्हा ती परत म्हणाली, "आता तर समोरासमोर आहेस."

"सांगतो म्हटलं ना."

परत आला तो उन्हाने काळा पडून आणि कायमाकचा डबा घेऊन. "झालं बोलणं," म्हणाला. ताजी साय पावाला लावून खात राहिला, आणि बेरमेतने पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आपा ऐपेरीला घेऊन येणार होती. शाळा दोन-चार दिवसांवर आली होती. कुबात स्वयंपाकघरात मांस उकळत ठेवून कांदा चिरत होता. बेरमेतने मशीन चालू केलं ते मुलीचे नवे फोटो बघायला, तर कपाटावरून टकटक आवाज यायला लागला. डिस्क मरायला टेकली की असा आवाज करते. मागोमाग पडद्यावर ओळ उमटली, की २८८३६१७ या आयनोडचा काही भाग वाचता येत नाही.

बाकीची डिस्क अजून ठीक होती. बेरमेतने आधी शहाण्या माणसासारखं सगळं गोठवलं, म्हणजे डिस्कवर नवं काही लिहिलं जाणार नाही आणि जखम वाढणार नाही. मग त्या आकड्याचं नाव शोधायला सांगितलं. मशीन एकेक पाटी वाचत निघालं. कुबातचं फोल्डर, तिचं स्वतःचं, सासूचं. तिने हात मांडीखाली दाबून धरले. बिघडलेली फाइल वीजबिलाची असू दे, कुबातच्या फुटबॉलची असू दे, फक्त ऐपेरीची नको.

पहिलं नाव आलं. फोन, आल्माकान, कॅमेरा, जुलै, आणि एका व्हिडिओचं नाव.

ऐपेरीचीच होती तर. बेरमेतने ओठ चावला, पण शोध थांबवला नाही. ती सवयीची होती.

दुसरं नाव आलं. फोन, कुबात, कागद, शाळा.

ती बघत राहिली. एकच फाइल, दोन घरांत.

हे कसं झालं ते तिला लगेच कळलं, कारण ते तिनेच केलं होतं. जागा वाचावी म्हणून तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. तो अधूनमधून सगळी डिस्क फिरायचा, आणि दोन फाइली तंतोतंत सारख्या दिसल्या की त्यातली एक टाकून द्यायचा आणि दोन्ही नावं उरलेल्या एकीला जोडायचा. म्हणजे हा व्हिडिओ सासूकडेही होता आणि नवऱ्याकडेही, अगदी जसाच्या तसा. मेसेजमधून पाठवलेला व्हिडिओ आकसून येतो, तो कधी तंतोतंत जुळत नाही. हा जुळला होता. म्हणजे दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवून, एका घरात बसून, हातोहात दिलेला.

जुलै. गवत.

ज्या भागाला धक्का लागला नव्हता तेवढा तिने दुसऱ्या डिस्कवर काढून घेतला आणि उघडला. गावच्या घराचं अंगण. ऐपेरी पांढऱ्या एप्रनच्या गणवेशात उभी, केसांत टोपल्याएवढी पांढरी फुलं. एकदा गिरकी घेतली, एप्रन फुगला. मागे वाऱ्याचा आवाज. मग ऐपेरीने कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघून तोंड उघडलं आणि चित्र तिथेच चौकोनाचौकोनांत फुटून थांबलं.

तो गणवेश बेरमेतने घेतलेला नव्हता. तिचा अजून पिशवीत होता, पलंगाखाली.

म्हणजे मुलीचं नाव गावच्या शाळेत घातलेलं होतं. कुबातला माहीत होतं. त्याने त्यासाठी फोल्डर केलं होतं, त्याला नावसुद्धा दिलं होतं. आणि घरी येऊन साय खात 'झालं बोलणं' म्हणाला होता.

तिने व्हिडिओ परत लावला. या वेळी कोपरा बघितला. अंगठा नव्हता. म्हणजे कुबातने काढला? पण आपा कधीकधी फोन खिडकीच्या फळीवर टेकवून ठेवते. दोघांचे फोनही सारखेच, कुबातनेच जोडीने आणलेले. मग आधी कोणाकडे होता? सासूने काढून मुलाला दिला, की मुलाने काढून आईला? तिने फाइलीची सगळी माहिती उघडून बघितली. कधी लिहिली, कधी वाचली, नावं किती. दोन. पण त्यातलं आधीचं कुठलं, याची नोंद फाइल ठेवत नाही. आणि तिच्या प्रोग्रामने दोन फाइलींतली कुठली ठेवली, कुठली टाकली, तेही कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. तशी गरज कधी पडेल असं तिला वाटलं नव्हतं.

बोट आपोआप सासूच्या नावाकडे गेलं. गोठवलेली डिस्क मोकळी करून पुसून टाकावं. एक नाव पुसलं तरी फाइल मरत नाही, फक्त त्या घरातून जाते. तेवढ्यात बेल वाजली.

"एजे, सलाम!" ऐपेरीने शिकवल्यासारखी मान झुकवली आणि बूट नीट जोडीने लावले. आपा मागून, दोन्ही हातांत पिशव्या. कुरुत म्हणजे सुकवलेल्या दह्याच्या गोळ्या, साय, भाजलेला पाव, आणि वर पिवळी लाल फळं.

"मांसाचा वास जिन्यापर्यंत येतोय," आपा म्हणाली. "माझ्या मुलाने रांधलंय की पेटवलंय?"

"आपा, बस आधी," कुबात हसला. बेरमेतकडे बघून त्याचं हसू जरा अडखळलं. तिचा चेहरा त्याने ओळखला, कारण नाही ओळखलं.

जेवण झालं, चहा मांडला. ऐपेरी आपाच्या कुशीला रेलून तळलेलं बोरसोक सायीत बुडवत होती. आपाने तिच्या कपाळावरचे केस मागे केले, जणू तो हात त्याच कामासाठी बनवलेला. बेरमेत समोर बसून चहा ओतत होती.

"मग, शाळा," आपा म्हणाली. "गणवेशाचं काय म्हणतेस बेरमेत? इथल्या पोरी हल्ली कसा घालतात?"

"तुम्ही घेतलाय ना. छान आहे. पाहिला मी."

"कुठे पाहिलास?"

"मशीनमध्ये."

"कुठला गणवेश?" कुबात म्हणाला.

हे नसता म्हणाला तर पुढचं झालं नसतं. पण त्याने विचारलं, भुवया उंचावून, अगदी काही माहीत नसल्यासारखं, आणि बेरमेतच्या डोक्यात काहीतरी तुटलं.

"कुठला? सांगते कुठला. डिस्क बिघडली सकाळी. आकडा मिळाला, मी नाव काढलं. एका फाइलीची दोन नावं निघाली. ऐक. फोन, कुबात, कागद, शाळा. आणि दुसरं, फोन, आल्माकान, कॅमेरा, जुलै."

बोरसोक सायीत पडलं.

"एजे!" ऐपेरीचे डोळे मोठे झाले. "तू आपाचं नाव घेतलंस! सुनांनी घ्यायचं नसतं!"

कुबातने डोळे मिटून घेतले.  काहीतरी करायला हवं म्हणून बेरमेतने सासूचा पेला ओढला आणि चहा ओतला. ओतत राहिली, चहा काठाला लागला. पाहुण्याचा पेला अर्धाच भरतात, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येतो. काठोकाठ भरला की अर्थ एकच, उठा आता.

आपाने पेल्याकडे बघितलं.

"वा. आधी नाव, मग हा पेला. चप्पल तरी घालू देशील ना?"

"आपा, मला तसं…"

"राहू दे. भाजतंय, निवू दे जरा."

"शाळेत नाव कोणी घातलं?" बेरमेतने विचारलं. आता थांबून उपयोग नव्हता.

"मी," कुबात म्हणाला. "मीच म्हटलं आपाला. तिचा काही दोष नाही."

"खोटं बोलतोय," आपा म्हणाली. "मी घातलं. हा आला तेव्हा सगळं झालं होतं, त्याने नुसती सही केली."

"आपा, तू गप्प बस."

"तू गप्प बस. गवत कापून ऊन लागलंय तुला. ए पोरी, त्याचं ऐकू नकोस. लहानपणापासून असाच आहे, भावाने काच फोडली तरी 'मी फोडली' म्हणायचा."

"मी फोडली होती ती!"

"बघ."

बेरमेत दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. राग येण्याऐवजी तिला भयंकर एकटं वाटलं. माय-लेक एकमेकांसाठी आडवे येत होते, एकमेकांचा दोष ओढून आपल्या अंगावर घेत होते, न ठरवता, न बघता. तिच्यासाठी असं खोटं कधी कुणी बोललं होतं? मुलगी तर यांची झालीच होती. नवराही पूर्वीपासून यांचाच होता.

"मी इथल्या शाळेत नाव घातलंय तिचं," ती म्हणाली. "एप्रिलमध्ये. माझी मुलगी आहे ती."

आपाने ऐपेरीच्या बोटांवरची साय पुसली. मग म्हणाली, "एप्रिलमध्ये. आणि मला कधी सांगणार होतीस?"

"याला सांगितलं होतं. हा सांगणार होता."

दोघींनी एकदम कुबातकडे बघितलं. कुबातने ताटात उरलेला मांसाचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला. तो बराच वेळ चघळत राहिला.

"सांगितलं नाहीस?" आपा म्हणाली.

"योग्य वेळ…" कुबात घासाआडून म्हणाला.

"योग्य वेळ! लग्नाच्या वेळी सांगणार होतास, पोरीच्या?" आपाने सुनेकडे तोंड वळवलं. "आणि तू? पाच वर्षांत एकदा तरी तोंडाने म्हणालीस, आपा, माझी पोर द्या?"

"मी कसं म्हणणार? सून कशी मागणार?"

"जशी आता माझं नाव घेतलंस तशी." आपाचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "मी वाट बघत होते. पहिल्या वर्षी वाटलं, मागेल. दुसऱ्या वर्षी वाटलं, मागेल. मग वाटलं, हिला तिचं काम, तिची मशीनं, पोरीची अडचण होत असेल. तू इतकी गप्प होतीस की मला ते खरंच वाटायला लागलं. शेवटी शाळेत नाव घातलं. कुणीतरी घालायला नको?"

 बेरमेत ज्याला मान देणं समजत होती, त्याचा समोर असा अर्थ लागत होता.

"राहू दे तिला इथे," आपा म्हणाली.

"मी नाही राहणार," ऐपेरी म्हणाली.

"राहशील. एजेकडे मशीन आहे, तुला रोज वासरू बघायला मिळेल."

"वासरू मशीनमध्ये नाहीये. वासरू घरी आहे."

"मी पाठवीन ना त्याला. आत, मशीनमध्ये."

ऐपेरीने यावर विचार केला. "शेपटीसकट?"

"शेपटीसकट."

आपा दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाली. निघायच्या आधी तिने बेरमेतला वेणी घालायला शिकवलं. ऐपेरीच्या डावीकडचे केस आखूड आहेत, तिकडून सुरुवात केली नाही तर सुटते. बेरमेतच्या बोटांत केस होते, त्यांवर आपाची बोटं. "घट्ट नको. घट्ट घातलीस की ती बोलत नाही, नुसतं डोकं खाजवते," आपा म्हणाली, आणि आपल्या मुलीबद्दल ही गोष्ट दुसऱ्याकडून कळते आहे, याचा डंख बेरमेतला त्यातही बसला.

गाड्यांच्या अड्ड्यावर ऐपेरी किंचाळली. "आपा! आपा!" लोक वळून बघायला लागले. बेरमेतने तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, आणि पोरीचं सगळं अंग गाडीकडे ओढत होतं. कोणाही बघणाऱ्याला वाटलं असतं, ही कुणी परकी बाई मुलीला आईपासून ओढून नेते आहे. आपा खिडकीपाशी बसली. तिने हात हलवला नाही, डोकंही वळवलं नाही. गाडी निघाली तेव्हा बेरमेतला कळलं, की ती जिंकली आहे आणि अजून तितकाच हेवा करते आहे, कदाचित जास्तच. कारण तिच्या नावाने अशी हाक कोणी कधी मारली नव्हती.

शाळा सुरू झाली. ऐपेरी बेरमेतने घेतलेला गणवेश घालून गेली. पांढरी फुलं डावीकडची आधी बांधली. पहिल्या आठवड्यात ती जेवणाच्या वेळी रडायची, दुसऱ्यात फक्त झोपताना. 'एजे' म्हणायची ते अजून 'एजे'च म्हणते. बेरमेत तिला ते बदलायला सांगत नाही. मागायला आता शिकली आहे, पण ही गोष्ट मागून मिळणाऱ्यातली नाही, एवढं तिला कळतं.

मशीनमध्ये तिने नवी डिस्क घातली. सगळं वाचलं, ती एक फाइल सोडून. प्रोग्राम मात्र तिने काढून टाकला. "दुसऱ्या नावाची प्रत असेल ना चांगली?" कुबातने विचारलं होतं, आणि तिला समजावून सांगावं लागलं, की दोन नावं होती, पण प्रत एकच होती. दोन्ही दारांतून आत गेलं तरी तोच फुटलेला व्हिडिओ. दोन प्रती राहू दिल्या असत्या तर एक वाचली असती, आणि ऐपेरीने तोंड उघडून कॅमेऱ्यामागच्या माणसाला कोणती हाक मारली ते ऐकू आलं असतं. आपा, की बाइके. मग तो कोणी काढला ते कळलं असतं, आणि आधी कोणाच्या मनात आलं त्याचाही अंदाज आला असता. बेरमेतने चांगल्या शिस्तीने, स्वतःच्या हाताने, ती एकमेव साक्ष मोडीत काढली होती.

तिने ऐपेरीलाही विचारून बघितलं, वेणी घालता घालता, सहज विचारल्यासारखं.

"अंगणात गिरकी घेतलीस ना, तेव्हा फोन कोणी धरला होता गं?"

"कुठल्या गिरकीत? मी खूप घेतल्या," ऐपेरी म्हणाली. "घट्ट होतेय."

कुबातशी ती आता बोलते, हसते, त्याच्या आईची चौकशीही करते. आपाच्या फोल्डरमध्ये वासराचे फोटो येतात, शेपटीसकट. पण नवरा सायीचा डबा उघडून बसला की तिचा हात कामात थांबतो. आई आणि मुलगा त्या दिवशी चहावर एकमेकांसाठी इतक्या चटकन खोटं बोलले, की त्यातला एक खरं बोलत होता हेच ती विसरू शकत नाही. आईने आपल्या एकटेपणापायी केलं असेल, तर बेरमेत ते गिळू शकते. पण बायकोने एप्रिलमध्ये शाळेत नाव घातलंय हे ठाऊक असताना, त्या जुलैच्या अंगणात कुबातच आधी म्हणाला असेल तर?

"कुबात," ती म्हणते, "चिडणार नाही मी. एकदाच सांग. आधी कोण म्हणालं?"